थरथऱ्या पक्ष्यांची खोली

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी पाच महिने मेलेल्या पक्ष्यांच्या चोची मोजल्या. हे वाक्य आज मी बिनधास्त लिहिते आहे, पण २००३ साली ते कुणापुढे उच्चारायची माझी छाती नव्हती. नवऱ्याला माहीत होतं, तेसुद्धा अर्धंच.

पुण्यात मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्न केलं आणि २००२ साली नवऱ्याच्या मागोमाग पिस्कॅटवेच्या एका दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये येऊन पडले. तो प्रोग्रॅमर. त्याच्याकडे कामाचा व्हिसा, माझ्याकडे त्याच्या बायकोचा. या बायकोच्या व्हिसावर, म्हणजे एच-फोरवर, काम करायला सक्त मनाई. स्वयंपाक करा, टीव्ही बघा, वेड लागलं तर लागू द्या, पण काम करू नका. त्यात आमच्या ग्रीन कार्डाचे कागद नुकतेच गेले होते आणि आजूबाजूला धडाधड नोकऱ्या जात होत्या. कालपर्यंत मंडळाच्या कोजागिरीला मसाला दूध वाटणारं जोडपं महिन्याभरात सामान विकून परत गेलेलं आम्ही पाहिलं होतं. तेव्हाची आमची भीती आता सांगून पटायची नाही. पोस्टात लांब पाकीट आलं तर नवरा घरी येईपर्यंत मी ते उघडायचे नाही.

अशात लायब्ररीच्या फळ्यावर मला एक चिठ्ठी दिसली. जवळच्या एका छोट्या कॉलेजच्या जुन्या संग्रहालयाला पक्ष्यांची मापं घ्यायला व्हॉलंटीअर हवे होते. पगार नाही. मी ती चिठ्ठी तीन वेळा वाचली. पगार नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे गुन्हा नाही, असं गणित मांडून मी नवऱ्याला विचारलं.

"जा ना यार, टाइमपास होईल," तो म्हणाला. "फक्त कुठे एम्प्लॉयी वगैरे लिहू नकोस."

जवळच्याच एडिसन गावातल्या एका काकूंना मात्र हे पसंत पडलं नाही. त्या इथे वीस वर्षं होत्या आणि नव्या मुलींच्या अघोषित वकील होत्या. किराणा दुकानात भेंडी निवडता निवडता त्यांनी मला बाजूला घेतलं. "अगं, व्हॉलंटीअर म्हणतात आणि सही घेतात. मग ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूला ऑफिसर विचारतो, अनऑथराइज्ड वर्क केलंत का? तेव्हा काय सांगशील? दोघांचंही कॅन्सल करतात हं." त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला भेंडी दिसेनाशी झाली.

आणि संग्रहालयाच्या दाराशी खरोखरच सहीचा कागद होता. नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. पहिल्या दिवशी पेन धरलेला माझा हात कापत होता. तरी मी सही केली, कारण दाराच्या आत पक्षी होते.

ती खोली तळघरात होती. दोन्ही बाजूंना उंच पोलादी कपाटं, मध्ये लांब टेबल आणि सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. तिथल्या प्रोफेसर सत्तरीच्या होत्या, निवृत्त होऊनही रोज येणाऱ्या, अंबाड्यात पेन्सिल खोचणाऱ्या. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. माझी जीभ काही रेटेना. मनात मी त्यांना बाई म्हणायचे, तोंडाने प्रोफेसर.

बाईंचे लाडके पक्षी म्हणजे ट्रेम्बलर. मी त्यांना थरथरे म्हणू लागले. बाहेर पार्किंगमध्ये दिव्याच्या खांबावर बसून गाड्यांच्या अलार्मची नक्कल करणारा जो मॉकिंगबर्ड असतो, त्याचेच हे चुलतभाऊ. पण ते फक्त कॅरिबियन समुद्रातल्या मूठभर बेटांवर राहतात. डोमिनिका, सेंट ल्युशिया, मार्टिनिक, अशी बेटं. साधारण आपल्या सातभाईएवढे, काही तपकिरी, काही करडे, चोच लांब आणि जराशी खाली वळलेली. करड्यांमध्ये मादीची चोच नरापेक्षा लांब असते. हे मला पहिल्यांदा मोजपट्टीवर दिसलं तेव्हा मी उगाचच खूश झाले. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी मारून, कातडं सोलून, आत कापूस भरून ठेवलेले हे जीव खणात उताणे झोपलेले असायचे. डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला चिठ्ठी.

मेलेल्या पक्ष्यांकडे बघून असं नाव का ते कळेना, म्हणून बाईंनी मला एकदा व्हिडिओ दाखवला. एका ओल्या फांदीवर पक्षी येऊन बसला, पंख खाली सोडले, शेपटी पाठीवर उभी केली आणि हिवताप भरलेल्या माणसासारखा लटलट कापू लागला.

"घाबरलाय का?" मी विचारलं.

"नाही वाटत. जोडीदार समोर आला तरी असाच कापतो. का कापतो, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही."

मला फार बरं वाटलं. न घाबरताही कापता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

काम सोपं होतं. खणातून पक्षी काढायचा, पातळ कागदातून सोडवायचा, चोच, पंख आणि पाय मोजायचे, पायातली चिठ्ठी वाचून जुन्या जाडजूड रजिस्टरशी ताडून बघायची, नव्या वहीत उतरवायचं. बाईंनी ग्लव्ह्जचा डबा दिला होता. जुन्या कातड्यांना औषध लावलेलं असतं, असंही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली. खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, तेच औषध असणार असं मी धरून चालले. उजव्या हाताचा ग्लव्ह तर मी दुसऱ्याच दिवशी काढून ठेवला. बोट जिभेला लावून पान उलटायची माझी सवय. बाबा शाळेत क्लार्क होते, त्यांच्या मांडीवर बसून हजेरीपटाची पानं उलटताना लागलेली. रबरी बोट ओलं करून पान काही उलटत नाही, आणि जिभेला त्याची घाण चव लागते. तेव्हा डाव्या हातात पक्षी आणि उजव्या उघड्या हाताने पान, पातळ कागद, चिठ्ठी, पुन्हा पान. ग्लव्ह्ज पक्ष्यांच्या भल्यासाठी आहेत, आपल्या घामाने ते खराब होऊ नयेत म्हणून, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून मी हात साबणाने चोळून धुवायचे, पूजेला बसावं तसे. धुवायचे ते बसण्याआधी. पक्ष्यांच्या पिसांतून पांढरी पूड पडायची. धूळ समजून मी तिच्यावर फुंकर मारायचे.

फेब्रुवारीत मला दिवस राहिले. घरीच टेस्ट केली, दोन रेघा आल्या. नवऱ्याने मला उचलून सोफ्यावर ठेवलं आणि चहा करायला धावला. त्यात त्याने साखरेऐवजी मीठ घातलं, तरी आम्ही तो हसत हसत प्यायलो. तिसरा महिना लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, हे ठरवायचीसुद्धा गरज नव्हती. आमच्याकडे सांगतच नाहीत. आईलाही नाही. दृष्ट लागते, असं मी मानत नाही म्हणते, पण सांगतही नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी रजिस्टर घेऊन बसले होते आणि बाई समोर उभ्या होत्या. मी पान उलटायला बोट जिभेला लावलं.

बाई ओरडल्या. त्या हळू बोलणाऱ्या बाई, पण अशा ओरडल्या की मी पक्षी टेबलावर टाकला. त्यांनी माझं मनगट धरलं, मला ओढत सिंकपाशी नेलं आणि लहान मुलाचे धुवावेत तसे माझे हात स्वतः धुतले. मग चूळ भरायला लावली. मग सांगितलं. त्या काळी कातडं किडू नये म्हणून आतून आर्सेनिक चोळत असत. या कपाटांतला जवळजवळ प्रत्येक पक्षी तसा आहे.

आर्सेनिक म्हणजे सोमल. सोमल मला फक्त खुनाच्या गोष्टींतून माहीत होता. दुधातून देतात तो.

"असं किती दिवस करते आहेस?" बाईंनी विचारलं.

"आजच. एकदाच."

त्यांनी नळ बंद केला. "तू प्रेग्नंट तर नाहीस ना?"

"नाही," मी म्हटलं.

ते उत्तर माझ्या तोंडून विचार न करता गेलं. तिसरा महिना लागला नव्हता ना. हे मी नंतर शंभर वेळा आठवून पाहिलं आहे. प्रश्न विचारणारी बाई माझ्या बाळाचा जीव वाचवू बघत होती आणि मी दृष्ट लागू नये म्हणून तिला नाही म्हटलं. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, फर्स्ट क्लास.

डोकं दुखतंय सांगून मी निघाले. दारात गेल्याची वेळ लिहून सहीसुद्धा केली, सवयीने. घरी येऊन अंगावरचे सगळे कपडे कचऱ्यात टाकले आणि टूथब्रशने जीभ घासली. रक्त आलं तरी घासत होते. मग कॉम्प्युटरवर बसले. नाळेतून बाळापर्यंत जातं, असं लिहिलेलं होतं. ते वाक्य वाचून झाल्यावर माझे दात वाजायला लागले आणि थांबेचनात. संध्याकाळी नवरा यायच्या आत मी कॉम्प्युटरवरची हिस्टरी पुसून टाकली.

त्याला का नाही सांगितलं, असं कुणीही विचारेल. मीच विचारते. त्याला सांगितलं असतं तर त्याने डॉक्टरांना सांगितलं असतं. डॉक्टरांनी विचारलं असतं, कुठे लागलं हे? संग्रहालयात. काय करत होतीस तिथे? काम. मग ते वर कळवणार, कागदावर माझ्या पाच महिन्यांच्या सह्या, मग इंटरव्ह्यू, मग कॅन्सल. भेंडीच्या ढिगापाशी ऐकलेलं ते वाक्य माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. आणि खरं सांगायचं तर अजून एक कारण होतं. सांगितलं की ते खरं होणार होतं.

डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा फॉर्म नवऱ्यानेच भरला, त्याचं अक्षर चांगलं म्हणून. घरी किंवा कामाच्या ठिकाणी रसायनांशी संपर्क? त्याने माझ्याकडे न बघताच 'नाही'वर खूण केली. "तू काय, घरीच असतेस," तो म्हणाला. मी पर्सची चेन उघडत आणि लावत बसले.

पुढचे अकरा आठवडे मी कशी जगले ते मला नीट सांगता येत नाही. स्वतःच्या उजव्या हाताची किळस आली होती. कणीक मळताना मी हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधायचे. नवऱ्याने विचारलं तर नखाला इन्फेक्शन झालंय म्हणाले. दिवसातून दहा वेळा बाथरूममध्ये जाऊन रक्त दिसतंय का बघायचे. तिसरा महिना लागल्यावर आईला फोनवर सांगितलं. ती इतकी आनंदली की तिला बोलवेना. मग विचारलं, "डोहाळे कसले लागलेत गं?" मी म्हटलं, "काही नाही, झोप येते." झोप तर मला येतच नव्हती. सोनोग्राफीत बाळ हललं, नवरा रडला, आणि मी पडद्यावरची बोटं मोजत होते. भरली तर पुन्हा मोजत होते.

बाईंना मी तब्येत बरी नाही असं कळवून टाकलं होतं. त्यांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. तिसरा आला तेव्हा मी वॉकला गेले होते, म्हणून त्यांनी फोनच्या मशीनवर निरोप ठेवला, आणि तो नवऱ्याने ऐकला. मी घरात शिरले तर तो मशीनजवळ उभा होता. त्याने बटण दाबलं. बाईंचा आवाज हळू आणि नीट होता. मला तुझी आठवण येते. माझा अंदाज चुकीचा असेल तर माफ कर. पण जर तू तेव्हा गरोदर असशील तर कृपा करून डॉक्टरांना आर्सेनिकबद्दल सांग. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

"ही काय म्हणते आहे?" नवऱ्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं. उभ्यानेच, बूट न काढता. बोट, जीभ, पूड, फुंकर, नाही म्हटलं ते. तो ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला.

"तू तिथे सही करायचीस?"

"रोज. आत जाताना आणि बाहेर येताना."

तो खाली बसला. मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी हेही कळलं की अकरा आठवडे माझ्या डोक्यातही हाच प्रश्न पहिला होता. तोही स्वतःचं वाक्य ऐकून चपापला असावा. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग उठला, आणि डॉक्टरांचा नंबर त्यानेच फिरवला.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मी त्यांच्या पेनाकडे बघत होते, कुठे लिहिताहेत, कुणाला पाठवणार.

"पहिल्या वेळी का नाही सांगितलंस?"

"मला काम करायची परवानगी नाही," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी तुला परवानगीचं कधी विचारलं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. लघवीत आर्सेनिक फार तर काही दिवस दिसतं. त्याच आठवड्यात आली असतीस तर किती गेलं ते कळलं असतं. कदाचित नगण्य निघालं असतं, आणि तू निवांत झाली असतीस. आता ते कळायचा मार्ग नाही. केस, नखं तपासता येतील, पण त्यावरून बाळाचं काही सांगता येणार नाही. आता फक्त लक्ष ठेवायचं आणि वाट बघायची.

डॉक्टरांकडून परत आलो. घराच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद केल्यावर तो म्हणाला, "मी विचारायला पाहिजे होतं तुला. फॉर्म भरताना." मी म्हटलं, "मी सांगायला पाहिजे होतं." एवढंच.

ऑक्टोबरात मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं दणदणीत. डॉक्टर म्हणाल्या, परफेक्ट. पण मला परफेक्ट म्हणून चालणार नव्हतं, मला पुरावा हवा होता, आणि पुरावा मीच घालवून बसले होते. मान धरायला तिने आठवडाभर उशीर केला तर मी जेवायचे नाही. शेजारची मुलगी दहाव्या महिन्यात चालली आणि आमची चौदाव्या, तर मधले चार महिने मी मनात बाईंच्या त्या खोलीत बसून पानं उलटत होते. ताप आला, सोमल. पुरळ उठलं, सोमल. बोलायला लागली ती इंग्रजी आणि मराठी यांची भेळ करून. नवरा हसायचा, आणि मी तिचा एक एक शब्द वहीत उतरवायचे, वयाप्रमाणे आहेत की नाहीत ते बघायला. आई म्हणायची, पहिलटकरणीला वाटते तशी काळजी. मी हो म्हणायचे.

२००८ साली ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूचं पत्र आलं. आम्हा दोघांना नेवार्कच्या इमिग्रेशन ऑफिसात बोलावलं होतं. मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची. तिला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून बरोबर नेली. पाच वर्षं मी ज्या प्रश्नाचं उत्तर पाठ केलं होतं, ते गाडीत पुन्हा एकदा म्हणून बघितलं. व्हॉलंटीअर होते. पैसे घेतले नाहीत. पक्षी मोजत होते. नवऱ्याने वाटेत एकदा माझा हात दाबला.

ऑफिसर वयस्कर होता आणि त्याला सर्दी झाली होती. त्याने नवऱ्याला कंपनीचं नाव विचारलं, पत्ता विचारला. माझी जन्मतारीख विचारली. मग नाक पुसून माझ्याकडे वळला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आणि तुम्ही या छोटीबरोबर घरी असता?"

"हो."

"छान," तो म्हणाला आणि आमच्या पासपोर्टांवर शिक्के मारले. मुलीला त्याने पेपरमिंटची गोळी दिली. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

बाहेर पार्किंगमध्ये नवरा फोनवर फोन करत सुटला. मी मुलीला मागच्या सीटमध्ये बसवून पट्टा लावायला वाकले आणि माझे हात इतके कापायला लागले की पट्टा खाचेत बसेना. हा माणूस. या सर्दी झालेल्या, पेपरमिंट वाटणाऱ्या माणसाला घाबरून मी हिला पोटात असताना अकरा आठवडे एकटं सोडलं होतं. त्याला विचारायचंच नव्हतं. त्याला कुणाच्या सह्यांशी काही देणं-घेणंच नव्हतं. मला वाटलं परत आत जावं आणि त्याला ओरडून सांगावं, विचार ना, विचार मला, काय केलं होतं मी.

"आई, व्हाय आर यू क्राइंग?"

"सॉरी," मी तिला म्हटलं. पुन्हा म्हटलं, "सॉरी, बाळा."

प्रीस्कूलमध्ये शिकवलं होतं तसं, गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत ती लगेच म्हणाली, "इट्स ओके." कशाबद्दल, ते तिने विचारलं नाही.